मन आणि मेंदू एका छपराखाली

आमच्या गल्लीत कुणाला फेफरं आलं की तीन वस्तू धावत यायच्या. कांदा, चप्पल आणि किल्ली. कांदा फोडून हुंगवायचा, चप्पल नाकाशी धरायची आणि लोखंडी किल्ली मुठीत कोंबायची. यात हिंदू-मुसलमान असा काही भेद नव्हता. शेजारच्या काकू कांदा आणायच्या, आमची दादी कपाटाची किल्ली आणायची. चप्पल जो जवळ असेल त्याची.

१९८४ साली, मी नववीत असताना, ही किल्ली आमच्याच घरात लागायला लागली. माझे धाकटे चाचा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. सोलापूरजवळच्या आमच्या गावात यंत्रमागावर काम करायचे. गळा गोड होता. उर्दू शेर त्यांना शेकड्यानं पाठ होते आणि मला पहिला शेर त्यांनीच ऐकवला. एका दुपारी ते मागाशेजारीच कोसळले. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. पाच मिनिटांत सगळं शांत झालं. पण नंतर दोन दिवस आमचे चाचा आमचे राहिले नाहीत. भिंतीशी बोलायचे, कुणीतरी मारायला आलंय म्हणून ओरडायचे, दादीला ओळखायचे नाहीत. तिसऱ्या दिवशी उठले आणि विचारलं, "अम्मा, चाय है क्या?" मधलं काहीच त्यांना आठवत नव्हतं.

पुढं महिन्या-दोन महिन्यांनी हे होऊ लागलं. दादी म्हणाली, "बाहर का असर है." काकू म्हणाल्या, "बाहेरचं लागलंय." दोन भाषा, निदान एकच! एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डोक्यावर परिणाम झालाय म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. चाचा झोपू लागले, पण फेफरं काही थांबलं नाही. शेवटी अब्बांनी त्यांना एका दर्ग्यावर नेलं. चाळीस दिवसांचा चिल्ला. पायात साखळी, साखळीचं दुसरं टोक लिंबाच्या झाडाला. दर गुरुवारी मी डबा घेऊन जायचो. एका गुरुवारी ते अगदी शुद्धीवर होते. डबा उघडायच्या आधी त्यांनी मला हळूच विचारलं, "बेटा, इसकी चाबी किसके पास है?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढची बरीच वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधत राहिलो आणि ते सापडलं बंगळूरला. तिथल्या संस्थेला सगळे निम्हान्स म्हणतात. पूर्ण नाव राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि मज्जाविज्ञान संस्था. मी काही डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातल्या देशात मनाच्या आणि मेंदूच्या आजारांसाठी असं केंद्र कसं उभं राहिलं, ते का लागतं, हा इतिहास मी जमेल तसा वाचला. तोच आज तुम्हांला सांगायचा आहे.

साहेबाचं वेड, आपलं वेड

ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात एखाद्या गोऱ्या माणसाचं डोकं फिरलं तर त्याला इथं फार दिवस ठेवत नसत. बोटीत बसवून विलायतेला पाठवायचे. लंडनजवळ हॅकनी इथं पेम्ब्रोक हाउस नावाचं घर त्यासाठीच होतं. १८७० साली ईलिंगला रॉयल इंडिया असायलम निघालं. यामागं एक ठाम समजूत होती. उष्ण हवा, ऊन आणि दमटपणा यांनीच माणसाची बुद्धी ढिली होते, तेव्हा रोग्याला थंड हवेत नेला की अर्धं काम झालं.

पण जो इथंच जन्मला, त्याला कुठं न्यायचं? त्याच्यासाठी इथं असायलमं बांधली गेली. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईला कुलाबा, पुढं नागपूर, रत्नागिरी, ठाणे, येरवडा अशी ती होत गेली. त्यांची नावं आपल्या बोलण्यात कशी उतरली, ते तुम्हांला ठाऊकच आहे. शाळेत एखादा मुलगा विचित्र वागला की आम्ही म्हणायचो, "याला येरवड्याला पाठवा." मुंबईकडचे ठाण्याचं नाव घ्यायचे. त्या भिंतींआड माणूस बरा होतो, असं त्या थट्टेत कुठंच नसायचं. फक्त आत जातो, एवढंच असायचं. १९१२ च्या वेड्यांच्या कायद्यात माणसाला दाखल करायला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागायचा. आजारी माणसाचा कागद कचेरीतून फिरायचा. १९२० नंतर असायलमची पाटी काढून मेंटल हॉस्पिटलची लावली गेली, पण भिंती त्याच होत्या.

या सगळ्याचा पहिला नीट हिशेब मांडला गेला तो भोर समितीच्या अहवालात. समितीचे अध्यक्ष सर जोसेफ भोर हे मूळचे नाशिकचे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेले. १९४३ साली समिती नेमली गेली, १९४६ साली अहवाल आला. रांचीच्या युरोपियन मेंटल हॉस्पिटलचे अधीक्षक कर्नल मूर टेलर यांनी त्यासाठी देशातली १९ मनोरुग्णालयं पाहिली. त्या वेळच्या सबंध हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी दहा हजारांच्या आसपास खाटा होत्या. म्हणजे ४० हजार माणसांमागं एक खाट. इंग्लंडात तेव्हा ३०० माणसांमागं एक होती. बहुतेक रुग्णालयं ही कोंडून ठेवण्याच्या जागा आहेत, उपचाराच्या नव्हेत, असा टेलरसाहेबांचा निष्कर्ष होता.

पण अहवालातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. खाटा पैशानं वाढवता येतात, पण त्या खाटेशेजारी उभं राहणारा शिकलेला माणूस कुठून आणायचा? मनाच्या आजाराचं शिक्षण घ्यायचं तर परदेशी जावं लागे. तिथली पुस्तकं तिथल्या रोग्यांवरून लिहिलेली. त्यामुळं या विषयाचं शिक्षण आणि संशोधन देशातच व्हायला हवं, हा विचार या अहवालानं पुढं आणला.

म्हैसूर संस्थानातलं बीज

मग हे केंद्र बंगळूरलाच का झालं? त्याचं कारण म्हैसूर संस्थानात आहे.

बंगळूरच्या पेठेत १८४७ साली चार्ल्स अर्व्हिंग स्मिथ नावाच्या सर्जननं एक असायलम सुरू केलं होतं. इतर असायलमांसारखंच ते वाढलं, गर्दीनं भरलं. १९२५ साली त्याचं सरकारी मनोरुग्णालय झालं. पुढं १९३० च्या दशकात ते गावाबाहेर होसूर रस्त्याकडं नव्या, मोकळ्या जागेत गेलं. तेव्हा संस्थानचे दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. त्यांच्या आजोबांचं कुटुंब इराणातून आलेलं, घोड्यांचा व्यापार करणारं. राजा हिंदू, दिवाण मुसलमान आणि दोघे लहानपणापासूनचे सोबती. मिर्झासाहेबांना बागांचा भारी शौक. गावात झाड कुठं लावायचं, दिवा कुठं बसवायचा, हे स्वतः हिंडून बघणारा माणूस. त्यांच्या कारकिर्दीत वेड्यांसाठीही झाडं आणि मोकळी हवा असलेली जागा झाली, हे मला योग्यच वाटतं.

त्या रुग्णालयाचे अधीक्षक डॉ. एम. व्ही. गोविंदस्वामी. संस्थानानं त्यांना शिकायला लंडन आणि अमेरिकेला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांनी तिथल्या नव्या पद्धती इथं आणल्या. त्यातल्या साऱ्याच काही अभिमानानं सांगण्याजोग्या नाहीत. मेंदूतले धागे शस्त्रक्रियेनं तोडायची पद्धत त्या काळी जगभर चालली होती, ती १९४० च्या दशकात बंगळूरलाही चालली. आज ती टाकून दिलेली पद्धत आहे. शास्त्राच्या इतिहासात चुकाही लिहाव्या लागतात. पण गोविंदस्वामींनी एक गोष्ट पक्की ओळखली होती. रुग्णालय एकटं पुरत नाही. त्याला लागून शाळा हवी आणि प्रयोगशाळाही हवी.

स्वतंत्र भारताच्या सरकारनं १९५४ साली त्याच रुग्णालयाच्या आवारात अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू केली. आरोग्यमंत्री तेव्हा राजकुमारी अमृत कौर होत्या. गोविंदस्वामी पहिले संचालक झाले. पुढच्याच वर्षी अभ्यासक्रम सुरू झाले. मनोविकाराचे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि मनोरुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका यांचं शिक्षण एकाच आवारात होऊ लागलं. हे तिघे एकत्र शिकले तरच एकत्र काम करतील, असा त्यामागचा साधा हिशेब होता.

सर्पगंधेची गोष्ट

इथं जरा आडवाटेला जाऊन एका मुळीची गोष्ट सांगतो. आपल्याकडं शास्त्र नव्हतं असं नाही, शास्त्राची घडी नव्हती, हे तिच्यावरून कळतं.

सर्पगंधा आपल्या वैद्य-हकिमांना फार जुन्या काळापासून माहीत. बिहारकडं तिला सरळ पागल की दवा म्हणतात. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर ही मुळी चालते, असा लेख प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञानं तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि आपले आश्रयदाते हकीम अजमल खाँ यांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटलं. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव ब्रिटनच्या हृदयरोगावरच्या मासिकात मांडला. मग जग जागं झालं. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत तिच्यातून रेसरपीन निघालं आणि १९५४ साली न्यूयॉर्कचे डॉ. नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांवर वापरल्याचं जाहीर केलं. मनोविकारांवरच्या आधुनिक औषधांतलं ते एक पहिलं औषध. पुढं त्याचे दुष्परिणाम दिसले, त्याहून चांगली औषधं आली आणि ते मागं पडलं.

बघा, मुळी इथली, अनुभव इथला, पहिले लेखही इथले. पण कलकत्त्याचा वैद्य, दिल्लीचा रसायनशास्त्रज्ञ आणि मुंबईचा डॉक्टर यांना एका टेबलाशी बसवणारी जागा इथं नव्हती. १९५४ च्या त्या संस्थेचं मोल मला या मुळीमुळं कळलं.

चाचांचा फोटो

बंगळूरला काही वर्षं एका आवारात दोन घरं होती. रुग्णालय राज्याचं, संस्था केंद्राची. १९७४ साली दोन्ही एक करून निम्हान्स ही स्वायत्त संस्था झाली. तिचे पहिले संचालक डॉ. आर. एम. वर्मा हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. मनोरुग्णालयातून वाढलेल्या संस्थेवर मेंदूचा सर्जन! पण तीच तर तिची खूण होती. मनाचा डॉक्टर आणि मेंदूचा डॉक्टर एका छपराखाली, एकमेकांच्या हाकेवर.

त्या छपराखाली आम्ही गेलो १९९१ च्या दिवाळीच्या सुट्टीत. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. गल्लीतला एक रेल्वेवाला म्हणाला, माझ्या मेहुणीला तिथं गुण आलाय. अब्बांनी उधारी केली. सोलापूरला उद्यान एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात बसलो. चाचा मधे, एका बाजूला अब्बा, एका बाजूला मी. फेफरं आलं तर डब्यातले लोक काय करतील, या भीतीनं आम्ही दोघांनी रात्रभर डोळा मिटला नाही.

सकाळी रांग. रांगेत तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळी, बंगालीसुद्धा. कुणाच्या हातात ताईत, कुणाच्या कपाळाला अंगारा. आमच्यासारखीच, सगळं करून आलेली माणसं. आधी मनाच्या विभागात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तासभर विचारपूस केली. हे भास फेफरं येऊन गेल्यावरच होतात का, एरवी होत नाहीत ना, हे त्यांनी तीनतीनदा विचारलं. मग त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि त्याच आवारात मेंदूच्या विभागाकडं धाडलं. आमच्यासाठी ते चालत पाच मिनिटांचं अंतर होतं. दुसऱ्या एखाद्या गावात त्याच अंतराला सात वर्षं लागली होती.

सी.टी. स्कॅनचा फोटो काचेवर लावून डॉक्टरांनी दाखवला. मेंदूत दोन पांढरे ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे. म्हणाले, या मेलेल्या अळ्या आहेत, चुन्यासारख्या घट्ट झालेल्या. त्यांच्यामुळं फेफरं येतं आणि फेफऱ्यानंतर डोकं गोंधळतं. अळ्या कसल्या, असं अब्बांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, डुकरातल्या पट्टकृमीच्या.

अब्बा उठून उभे राहिले. "साहेब, आमच्या घरात त्याचं नावसुद्धा घेत नाहीत."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. कच्चं राहिलेलं डुकराचं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात हा कृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचावाटे कृमीची अंडी बाहेर पडतात. शौच उघड्यावर असेल तर ती अंडी पाण्यात, मातीत, भाजीवर जातात. न धुतलेली कोथिंबीर, मुळा, गाजर खाणाऱ्या कुणाच्याही पोटात जातात. पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत. "माझ्याकडं मुसलमान येतात, जैन येतात, ब्राह्मण येतात," ते म्हणाले. "अंडी जात विचारत नाहीत."

रोज रात्री एक गोळी, न चुकता. एवढाच उपचार. दर्गा नाही, साखळी नाही, येरवडा नाही.

पुढं वाचनात आलं की आमचे चाचा त्या खोलीत बसले होते, त्याच काही वर्षांत या विषयातला एक मोठा गुंता दक्षिणेत सुटत होता. फेफरं येणाऱ्या कितीतरी भारतीय रोग्यांच्या स्कॅनमध्ये एक छोटा डाग दिसायचा आणि काही महिन्यांत तो आपोआप नाहीसा व्हायचा. इथं क्षय फार, म्हणून तो क्षयाची गाठ समजून लोकांना महिनोन् महिने क्षयाची औषधं दिली जायची. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदान्तम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे डाग काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि त्यांतले बहुतेक या कृमीचेच असल्याचं दाखवलं. हा प्रश्न लंडनमध्ये सुटला नसता, कारण लंडनमध्ये तो रोजचा प्रश्नच नव्हता.

इथलेच प्रश्न

उष्ण कटिबंध म्हटलं की साहेबाला ऊन आठवायचं. ऊन हा त्यातला लहान भाग. इथल्या मेंदूचे शत्रू म्हणजे डास, कृमी, क्षयाचे जंतू, पिसाळलेला कुत्रा, उघडी गटारं आणि गरिबी. जपानी मेंदूज्वर भातखाचरातल्या डासांमुळं पसरतो. त्याच्या विषाणूचा देशात शोध घेण्यात पुण्यात १९५२ साली निघालेल्या विषाणू संशोधन केंद्राचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, मोठा वाटा आहे. बंगळूरच्या परिसरातही त्याच्या साथी येऊन गेल्या. वाचलेली मुलं मागं पडतात, चिडचिडी होतात. तिथं तापाचा डॉक्टर, मेंदूचा डॉक्टर आणि मनाचा डॉक्टर तिघेही लागतात.

एक गंमतशीर वाटणारा आजार सांगतो. दक्षिण कर्नाटकात काही लोकांना डोक्यावरून कढत पाणी घेतलं की फेफरं येतं. तांब्यामागून तांबे भराभर ओतून न्हाण्याची तिथली सवय. परदेशी पुस्तकांत हा प्रकार दुर्मीळ म्हणून दोन ओळींत संपायचा. बंगळूरचे डॉ. के. एस. मणी आणि पुढं निम्हान्समध्ये डॉ. पी. सतीशचंद्र यांनी अशा शेकडो रोग्यांचा अभ्यास केला. पाणी कोमट घ्या, हळूहळू घ्या, इतक्या साध्या सल्ल्यानं पुष्कळांचं फेफरं कमी होतं. डॉक्टरनं "अंघोळ कशी करता?" हे विचारायला मात्र हवं. आपल्या माणसाला आपले प्रश्न विचारणं, हे संशोधनाचं पहिलं काम.

घरचं माणूस

मन आणि मेंदूच्या या अभ्यासात आपण जगाला काही दिलं का? दिलं.

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहायला सांगितलं. रोग्याला टाकून जाऊ नका, त्याच्याजवळ राहा, बरा करून घेऊन जा. त्याच काळात आफ्रिकेत नायजेरियाच्या अबेओकुटा गावाजवळ अरो इथं डॉ. थॉमस अडेओये लाम्बो यांनी तेच वेगळ्या रीतीनं केलं. रोगी नातेवाइकासह आसपासच्या खेड्यांतल्या घरांत राहायचा, उपचाराला रुग्णालयात यायचा. गावातल्या मांत्रिकांनाही लाम्बोंनी दूर लोटलं नाही. दोन उष्ण देश, एकमेकांपासून इतके लांब, पण उत्तर सारखं. आपल्याकडं खाटा नाहीत, पण घरचं माणूस आहे. हाच विचार पुढं वेल्लोर आणि बंगळूरच्या कुटुंब-वॉर्डांत रुजला. म्हणूनच १९९१ साली मला कुणी "बाहेर थांबा" म्हटलं नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं स्किझोफ्रेनिया या गंभीर मनोविकाराचा नऊ देशांत अभ्यास सुरू केला. त्यात लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को होतं, तसंच आपलं आग्रा आणि नायजेरियाचं इबादानही होतं. काही वर्षांनी पाहिलं तर आग्रा आणि इबादानचे रोगी श्रीमंत शहरांतल्या रोग्यांपेक्षा अधिक सावरलेले दिसले. हे असं का, यावर अजून वाद आहेत आणि आपण फार फुशारून जाऊ नये. पण गरीब देशातला रोगी फक्त शिकवायचा विषय नाही, त्याच्याकडून शिकण्यासारखंही आहे, हे तेव्हा जगानं मान्य केलं.

बंगळूरच्या डॉक्टरांनाही कळलं होतं की सगळा देश त्यांच्या रांगेत उभा राहू शकणार नाही. १९७५ च्या सुमारास त्यांनी जवळच्या सकलवारा गावात ग्रामीण केंद्र काढलं. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टराला आणि नर्सला मोजकी लक्षणं, मोजकी औषधं शिकवायची, असा प्रयोग. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. पुढं बळ्ळारी जिल्ह्यात हा प्रयोग जिल्हाभर केला गेला आणि १९९६ पासून तो देशातल्या इतर जिल्ह्यांत नेण्यात आला.

साखळी

तरीही ६ ऑगस्ट २००१ ही तारीख आली. तामिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी गावात एका मोठ्या दर्ग्याच्या आसऱ्यानं खासगी लोकांनी मनोरुग्णांसाठी झोपड्या थाटल्या होत्या. त्यांतल्या एका झोपडीला पहाटे आग लागली. आतली माणसं खांबांना साखळीनं बांधलेली होती. २८ जण गेले.

ती बातमी वाचली तेव्हा मी घरात कुणाशी बोललो नाही. चाचांच्या घोट्यावरचा काळा वण डोळ्यांपुढं होता. आम्ही शायर लोक वेडाचं फार कौतुक करतो. दिवाना हा आमच्यात मोठा किताब. मजनू हा शब्दच अरबीत जिन्नानं पछाडलेला या अर्थाचा. कवितेत त्याला डोक्यावर घ्यायचं आणि घरात झाडाला बांधायचं, हे आम्हांला खपतं कसं?

पण दर्ग्याला शिव्या देऊन मी मोकळा होणार नाही. आम्ही तिथं गेलो, कारण तिथं फी नव्हती, मॅजिस्ट्रेट नव्हता आणि शेजारी दहा कुटुंबं आमच्यासारखीच रडत होती. तेवढा दिलासा आम्हांला दुसरीकडं कुठं मिळाला नव्हता. म्हणून गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात २००८ च्या सुमारास सुरू झालेला दवा आणि दुआ हा उपक्रम मला मोलाचा वाटतो. मुजावरांनी दुआ करायची आणि लक्षणं ओळखून माणसाला त्याच आवारात बसलेल्या डॉक्टरकडं पाठवायचं. लाम्बोंना ही गोष्ट नक्की आवडली असती.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला स्पष्ट मनाई केली. पण कायदा आला म्हणून डॉक्टर आला असं होत नाही. निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता आणि वेगवेगळ्या आजारांतले ७० ते ९२ टक्के रोगी उपचारापर्यंत पोचलेच नव्हते. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानस ही सरकारी सेवा आहे. मराठीतूनही बोलता येतं, फोनला पैसे पडत नाहीत. आमच्या वेळी हा क्रमांक असता, तर सात वर्षं वाचली असती. आता आहे, तर तो घरात लिहून ठेवा.

माझी एवढीच विनंती आहे की एका बंगळूरवर देश भागणार नाही. आजही सोलापूर, लातूर, नांदेडची माणसं दूरच्या गाडीत रात्र काढतात. मनाचा आणि मेंदूचा डॉक्टर एका आवारात असेल, शेजारी प्रयोगशाळा असेल आणि रोग्याजवळ त्याचं माणूस राहू शकेल, अशा जागा प्रत्येक भागात हव्यात. मागणाऱ्यांनी रस्ता आणि पाण्याबरोबर हेही मागायला हवं.

चाचा आता पासष्टीचे आहेत. रात्रीची गोळी चुकवत नाहीत. गेली कित्येक वर्षं त्यांना फेफरं आलेलं नाही. गेल्या वर्षी गल्लीतला एक पोरगा क्रिकेट खेळताना कोसळला. लोक धावले. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल काढली, कुणी किल्ली पुढं केली. चाचा काठी टेकत आले आणि सगळ्यांना मागं सारलं. पोराला अलगद कुशीवर वळवलं, शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि घड्याळाकडं बघत त्याच्या शेजारी जमिनीवर बसून राहिले. पोरानं डोळे उघडल्यावर त्याच्या बापाला म्हणाले, "डरो मत. कल डॉक्टर के पास जाएंगे. मैं साथ आता हूँ."

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)